लेकराचं घर शोधताना

(मंडळाच्या मेळाव्यातील भाषण, संकेतस्थळासाठी संपादित)

अध्यक्ष, कार्यकारिणीतले ताई-दादा आणि जमलेल्या सगळ्यांना नमस्कार. आमच्या नागपूरच्या चर्चमध्ये भेटल्यावर 'जय ख्रिस्त' म्हणतात, तोही घ्या.

मी केनियात लेकरांसाठी काम करते, आणि कार्यक्रमपत्रिकेत माझ्या नावापुढे 'मिशनरी' छापलंय. मघाशी एका काकांनी विचारलंच, "म्हणजे तुम्ही तिकडे धर्मांतर वगैरे करता का हो?" मला राग आला नाही. पाठीमागे कुजबुजण्यापेक्षा तोंडावर विचारलेलं केव्हाही बरं. काका, केनियात दहातली आठ माणसं आधीच ख्रिस्ती आहेत. मी राहते त्या किसुमूत रविवारी सकाळी चालत निघालं तर एका चर्चचं गाणं संपायच्या आत पुढच्याचं ऐकू येतं. तिथे मी जाऊन कुणाला बाटवणार? आणि लेकराला ताटभर उगाली, म्हणजे मक्याच्या पिठाची घट्ट उकड, वाढायची नि त्याच्याकडून प्रार्थना वसूल करायची, हे माझ्या श्रद्धेतही बसत नाही. लेकरांना माझ्याकडे येऊ द्या असं येशूने म्हटलं, पण त्यांना अट काही घातली नाही.

नागपूरच्या माणसाला मिशनरी म्हटलं की हिस्लॉप आठवतो, निदान त्याच्या नावाचं कॉलेज तरी. स्टीफन हिस्लॉप तुम्ही राहता त्या या देशातूनच, स्कॉटलंडमधून, १८४५ मध्ये नागपुरात आला. भोसल्यांचं राज्य होतं तेव्हा. त्याने शाळा चालवल्या, गोंडांची भाषा आणि गाणी टिपून घेतली, आणि उरल्या वेळात दगड फोडत हिंडला. त्याने धाडलेल्या जीवाश्मांवर लंडनच्या विद्वानांनी निबंध वाचले. १८६३ च्या सप्टेंबरात टाकळघाटची जुनी शिळावर्तुळं बघून परतताना पूर आलेल्या ओढ्यात तो बुडाला. कॉलेज निघालं ते वीस वर्षांनी, १८८३ मध्ये. आम्हाला लहानपणी त्याच्या उपदेशापेक्षा त्याचं बुडणंच जास्त रंगवून सांगत. पुढे सहा ख्रिस्ती मंडळ्या एकत्र येऊन चर्च ऑफ नॉर्थ इंडिया झालं तेही नागपुरातच, २९ नोव्हेंबर १९७० ला. माझी आजी त्या गर्दीत होती. इतिहास घडतोय वगैरे तिला काही जाणवलं नाही. तिच्या लक्षात राहिली ती मांडवात वाटलेली संत्री.

तर बाहेरून आलेल्या माणसांच्या शाळांत शिकून आमच्या घरातल्या पिढ्या वाढल्या. त्यामुळे मी उलट दिशेने निघाले तेव्हा कुणी कपाळाला हात लावला नाही. आईला काळजी होती, पण ती मलेरियाची. व्हिक्टोरिया सरोवराच्या काठी मलेरिया आजही जोरात आहे, म्हणजे बाईचं काही चुकलं नव्हतं.

आता कामाचं बोलते. लेकरांची सेवा म्हटलं की आपल्याला अनाथाश्रमच दिसतो. लांबलचक खोली, दोन ओळी खाटा, सगळ्यांचे टूथब्रश एकाच डब्यात, आणि कुठला कुणाचा हे फक्त मावशीला ठाऊक. पाहुणा दारात आला रे आला की तीन-चार वर्षांची पोरं धावत येऊन त्याच्या मांडीवर चढतात. पाहुण्याला भरून येतं. माझ्या पोटात मात्र गोळा येतो. घरातलं मूल अनोळखी माणूस दिसला की आईच्या पदराआड जातं. ज्याला पदरच नाही ते कुणाच्याही गळ्यात पडतं.

१९८९ मध्ये रुमानियात हुकूमशहा चाउशेस्कूची राजवट कोसळली आणि तिथल्या सरकारी बालगृहांत कोंडलेली लाखावर मुलं जगाला दिसली. पुढे बुखारेस्टमध्ये अशा मुलांवर बरीच वर्षं अभ्यास झाला. काही संस्थेतच होती, काहींना पालक-कुटुंबांत ठेवलं. कुटुंबात गेलेली, त्यातही दोन वर्षांची व्हायच्या आत गेलेली मुलं पुष्कळ सावरली. आणि ही मुलं अनाथ तरी असतात का? संस्थांमधल्या पाचातल्या चार मुलांचे आई किंवा वडील, निदान एक जण हयात असतो, असं मुलांसाठी काम करणाऱ्या सेव्ह द चिल्ड्रन संस्थेने २००९ मध्येच सांगितलं होतं. मग ती तिथे येतात कशी? आई आजारी पडते, बाप दुसरं घर करतो, आजीला चौथं ताट वाढता येत नाही. आणि संस्थेत शाळा असते, दूध असतं. आपण जिथे अन्नछत्र मांडतो तिथेच गरीब आई लेकरू आणून सोडणार. तिचा काय दोष?

इथे कुणीतरी पंडिता रमाबाईंचं नाव घेईल, आणि घ्यावंच. १८९६-९७ च्या दुष्काळात त्या आपल्याच मध्य प्रांतात आल्या आणि उघड्यावर पडलेल्या मुलींना, विधवांना बरोबर घेऊन गेल्या. त्यांनी स्वतःचे आईवडील दुष्काळातच गमावले होते. त्या वेळी त्या मुलींना परतायला घरच उरलं नव्हतं, आश्रम होता म्हणून जीव वाचले. पण दुष्काळातला उपाय सुकाळातही चालू ठेवायचा का, एवढाच माझा प्रश्न आहे. केनियाने आपल्यापुरतं उत्तर दिलंय. २०२२ मध्ये तिथे मुलांसाठी नवा कायदा झाला, आणि संस्थांतली मुलं दहा वर्षांत टप्प्याटप्प्याने कुटुंबांत न्यायचं धोरणही आलं. आमचं निम्मं काम आता तेच.

ते कसं चालतं ते सांगते. एक पोरगा होता, सहा-सात वर्षांचा, बाजारात भटकताना सापडलेला. गावाचं नाव सांगता येईना. अशा पोराला प्रश्न विचारून काही निघत नाही, कागद आणि खडू पुढे ठेवायचे. त्याने एक चौकोन काढला आणि तोंडाने टुकटुक टुकटुक सुरू केलं. ती पोशो मिल, मक्याचं पीठ दळायची डिझेलची चक्की. चौकोनाशेजारी त्याने ठिपकेच ठिपके काढले. ती ओमेना, सरोवरातली बारीक चंदेरी मासळी, जाळ्यावर पसरून वाळत घातलेली. म्हणजे गाव काठावरचं, आणि चक्कीच्या अंगणात मासळी वाळते असं. मग बोडाबोडावर, म्हणजे भाड्याच्या मोटरसायकलवर, मागे बसून काठाकाठाने गावं पालथी घातली. असिस्टंट चीफला, म्हणजे आपल्या पोलीस पाटलासारख्या माणसाला, भेटायचं आणि चर्चच्या बायकांना गाठायचं. गावातल्या बायकांना सगळं माहीत असतं, मग ते नागपूरचं मोहननगर असो की किसुमू.

आजी सापडली. तिने गळामिठी वगैरे काही मारली नाही. आम्हाला झाडाखालच्या बाकावर बसवलं, चहा दिला आणि विचारलं, "इतके दिवस पोरगा तुमच्याकडे होता, तर मला आधी का नाही शोधलं?" मग अडचणी सांगितल्या. छप्पर गळतं, तीन नातवंडं आधीच पदरात आहेत. आम्ही लेकरू लगेच सोडून येत नाही. आधी भेटी होतात, मग सुटीत काही दिवस मुक्काम, बालअधिकाऱ्याचा अहवाल, कोर्टाचा कागद. आणि घरी गेल्यावर सगळं गोडच होतं असंही नाही. संस्थेत रोज पाव नि दुधाचा चहा, आजीकडे रात्रीची उरलेली उगाली. बरेच दिवस तो विचारायचा, गाडी कधी येणार? आजीची तक्रार वेगळीच. "ह्याला पाणी आणायला सांगितलं की हा माझ्या तोंडाकडे बघतो." पुढे तो कामं करायला लागला. भावंडांनी शिकवलं म्हणे. कसं ते मी विचारलं नाही, बहुधा पाठीत दोन धपाटे घालून.

सगळीच लेकरं घरी जात नाहीत, जाऊही नयेत. जिथे घरातच मारहाण आहे, अत्याचार आहे, तिथे परत धाडणं हे पाप आहे. त्यांच्यासाठी दुसरं कुटुंब बघतो, नाहीच मिळालं तर लहानसं बालगृह लागतंच. 'सगळी बालगृहं उद्या बंद करा' म्हणणाऱ्यांशीही माझं भांडण आहे.

पैशाचं म्हणाल तर घराला लागणारी रक्कम ऐकून लोकांना ती फारच किरकोळ वाटते. केनियात २००४ पासून एक योजना आहे. पोरक्या, निराधार मुलांना सांभाळणाऱ्या घराला महिन्याला २,००० शिलिंग मिळतात, यादीत नाव लागलं तर. आपल्या महाराष्ट्रातही बालसंगोपन योजना आहे, सावित्रीबाई फुल्यांच्या नावाची, महिन्याला २,२५० रुपये. कोरोनात कितीतरी लेकरांचे आईवडील गेले तेव्हा कुठे लोकांना तिचं नाव कळलं. माझी वहिनी शेजारपाजारचे अर्ज भरून देते. रहिवासी दाखला, मृत्यूचा दाखला, शाळेचा बोनाफाईड, बँकेचं पासबुक. एवढ्या कागदांत शेतमजूर आजी पार हरवून जाते. तिच्याबरोबर ऑफिसात जाऊन बसणारं माणूस, हीसुद्धा सेवाच आहे जी. फक्त तिचा फोटो चांगला येत नाही.

फोटोवरून आठवलं, रागावू नका. सुटीत नागपूरला गेलात की पोराचा वाढदिवस आश्रमात करायची पद्धत पडलीय. केक, फुगे, टोप्या. तुमचा हेतू चांगला असतो, पण तिथल्या मुलाने दर आठवड्याला कुणातरी दुसऱ्याच्या वाढदिवसाला टाळ्या वाजवायच्या, हे बरं दिसतं का? वाढदिवस घरी करा, तेवढ्या पैशात एखाद्या आजीच्या घरावर पत्रे पडतात. आणि दोन आठवडे आफ्रिकेत 'सेवा' करायला येणाऱ्या कॉलेजच्या मुलांनाही सांगते, या, जरूर या. पण लेकरांना लळा लावून निघून जाऊ नका. आमचे हिशेब लिहा, बंद पडलेला प्रिंटर चालू करून द्या. मी जन्माची उपकृत राहीन.

आता एक व्यवहाराची गोष्ट. तिकडे शाळेचं वर्ष जानेवारीत सुरू होतं. २००३ पासून सरकारी प्राथमिक शाळेला फी नाही, पण गणवेश ज्याचा त्याने आणायचा, आणि तो नसला की पोरगं शरमेनं घरी बसतं. मंडळाने गणवेशांचा खर्च उचलायचं ठरवलंय, असं खजिनदार मघाशी म्हणाले. त्यांचे आभार. फक्त इथून कपडे पाठवू नका. शाळेगणिक रंग वेगळा असतो, आणि बाजारात फुंडी, म्हणजे आपला शिंपी, मशीन घेऊन बसलेलाच असतो. माप त्याला घेऊ द्या, मजुरी त्याला मिळू द्या. यादी मी डिसेंबरात पाठवते, त्याआधी मागू नका. पोरं तोवर वाढतात.