दोन पाळ्यांमधलं पाणी

चमचाभर पांढरे दाणे. दिसायला साखरेसारखे, पण पाण्यात विरघळत नाहीत, फुगत जातात. काही वेळाने ग्लासात पारदर्शक, लिबलिबीत लगदा तयार होतो. आता ग्लास तिरपा केला तरी पाणी सांडत नाही.

हे हायड्रोजेल, मातीत मिसळून पाणी धरून ठेवायला वापरतात ते. लांबलचक रेणूंच्या साखळ्या, जागोजागी एकमेकींना बांधलेल्या. या साखळ्यांवर ऋणभार असतो. पाणी मिळालं की भार एकमेकांना दूर लोटतात, जाळं उघडतं आणि पाणी आत शिरतं. गाठी पक्क्या असल्यामुळे जाळं विरघळून जात नाही. अमेरिकी कृषी खात्याच्या पिओरिया इथल्या प्रयोगशाळेत 1970 च्या दशकात मक्याच्या स्टार्चपासून असाच एक पदार्थ तयार झाला. त्याला टोपणनाव मिळालं, ‘सुपर स्लर्पर’. पुढे दिल्लीच्या भारतीय कृषी संशोधन संस्थेने सेल्युलोजवर आधारलेलं ‘पुसा हायड्रोजेल’ विकसित केलं.

आता हे दोन ग्लास पाहा. दाणे तेवढेच, वेळही तेवढाच. डावीकडे ऊर्ध्वपातित पाणी, उजवीकडे क्षारांचं जड पाणी. उजवीकडचा लगदा किती कमी फुगलाय! वजनाच्या काहीशे पट पाणी धरण्याची गोष्ट शुद्ध पाण्यातली असते. जड पाण्यातलं कॅल्शियम साखळ्यांना आणखी आवळतं, विद्राव्य खतांमुळेही फुगणं घटतं. भाजीला ऊर्ध्वपातित पाणी कोणी देत नाही, म्हणून पाकिटावरच्या आकड्यावर हिशेब मांडू नये.

आणि जेल पाणी निर्माण करत नाही. निचऱ्यातून खाली निसटणारं पाणी ते मुळांजवळ थोपवून धरतं आणि माती सुकू लागली की मुळांना देतं. म्हणून त्याचा खरा उपयोग रेताड, हलक्या जमिनीत, कुंड्यांमध्ये आणि रोपवाटिकेत. भारी काळी माती मुळातच पाणी धरते, तिथे फरक थोडाच पडतो. टोमॅटोला मात्र या एकसारख्या ओलीचा मोठा आधार वाटतो. कडक ताणानंतर एकदम भरपूर पाणी मिळालं, की फळं तडकतात.

दाणे मातीवर भुरभुरू नका. उन्हात ते लवकर खराब होतात. मुळं जिथे पसरणार त्या थरात मिसळा. कुंडीसाठी आधी भिजवून घ्या, नाहीतर आत फुगून माती वर येते आणि रोपं उचलली जातात. मात्रा वाढवली तर मातीतली हवा कमी होते, वाफसा राहत नाही, मुळं गुदमरतात. लहान मुलांच्या डायपरमधलं जेल भाजीला वापरू नये: त्यात सोडियम असतं आणि ते माती बिघडवतं.

आमच्या मते पहिला मान कंपोस्टचा आणि आच्छादनाचा. कंपोस्ट पाणी धरतं, शिवाय मातीतल्या जिवांना खाऊ घालतं. जेल तसं करत नाही. बाजारातली अनेक जेलं कृत्रिम पॉलिमरची असतात आणि मातीत फार हळू विघटित होतात, म्हणून घटक वाचूनच ती घ्यावीत.

जेल घातलेल्या वाफ्यात वरची माती सुकलेली दिसली की हात सवयीने नळीकडे जातो. थांबा. बोट खाली खुपसून पाहा. खाली ओल असेल तर ही पाळी पुढे ढकला. जुन्याच वेळापत्रकाने पाणी देत राहिलात, तर जेल घालूनही पाणी तेवढंच लागेल.