सिडनीचं कोर्ट, रम आणि छत्री

नमस्कार मंडळी, आज जरा लांबची गोष्ट. 1960 साली ऑस्ट्रेलियात एबीसी या तिथल्या सरकारी वाहिनीने टीव्हीवर ‘स्टॉर्मी पेट्रेल’ नावाचं बारा भागांचं नाटक दाखवलं. टीव्ही तिकडे येऊन जेमतेम चार वर्षं झालेली, तेव्हा स्टुडिओ म्हणजे चार पडदे, दोन टेबलं आणि घामाघूम नट.

विषय होता गव्हर्नर ब्लाय. हो तोच, ‘बाऊंटी’ जहाजावरच्या बंडातला कॅप्टन! त्याला 1806 मध्ये सिडनीला पाठवला, कारण तिथे लष्करी अधिकारी रमचा धंदा करत होते, मजुरीसुद्धा रममध्येच. आणि गंमत बघा, ती रम बरीचशी आपल्या बंगालमधून जायची, ब्लायच्या बाजूचा मोठा व्यापारी रॉबर्ट कॅम्पबेल तोही कलकत्त्याहूनच गेलेला.

शेवटी 26 जानेवारी 1808 ला या लष्करानेच बंड करून ब्लायला अटक केली. आता लोकांना या बंडातला पलंगच आठवतो, म्हणजे ब्लाय पलंगाखाली लपला आणि सैनिकांनी ओढून काढला, तसं चित्रही लगेच रंगवलं गेलं, ब्लाय मात्र शेवटपर्यंत म्हणत राहिला की मी कागदपत्रं लपवत होतो. मला विचाराल तर खरा ड्रामा आदल्या दिवशीचा, 25 जानेवारी 1808. कोर्टात आरोपी जॉन मॅकार्थर, म्हणजे लष्कर सोडून मेंढ्या आणि व्यापारात शिरलेला बडा माणूस, ब्लायचा कट्टर विरोधक; न्यायाला बसलेले सहा लष्करी अधिकारी म्हणजे त्याच्याच जुन्या पलटणीतले दोस्त, आणि मुख्य न्यायाधीश रिचर्ड अॅटकिन्स, ज्याला कायद्याचं शिक्षण नाही, दारूचा नाद मात्र पक्का. मॅकार्थर उठून सरळ म्हणाला, या माणसाकडे माझेच पैसे थकलेत, हा काय मला न्याय देणार! अॅटकिन्स भडकला, अधिकारी आरोपीच्या बाजूने, शेवटी न्यायाधीशच कोर्टातून निघून गेला. छोट्या स्टुडिओला अजून काय पाहिजे हो? एक टेबल आणि आठ माणसं, झालं काम!

दुसऱ्या दिवशी संध्याकाळी त्याच पलटणीचा प्रमुख मेजर जॉन्स्टन बँड वाजवत, संगिनी लावलेले शेकडो सैनिक घेऊन गव्हर्नरच्या बंगल्यावर आला. एवढी पलटण स्टुडिओत कुठे मावणार! पण मला त्यातली फाटकावरची बाई आवडते, ब्लायची मुलगी मेरी, नवरा जाऊन महिनासुद्धा नव्हता झाला, ती हातातली छत्री उगारून सैनिकांना अडवत होती. ब्लाय तेवढ्या वेळात काय करत होता ते सांगितलंच.

1811 मध्ये लंडनला कोर्टमार्शल झालं, जॉन्स्टनची नोकरी गेली, बस, एवढंच. आणि मॅकार्थर? बंडानंतर आठवड्याभरात त्याची केस पुन्हा उभी राहिली, या वेळी न्यायाधीशाच्या खुर्चीवर कोण, तर जमीन मोजणीचा मुख्य सर्व्हेअर चार्ल्स ग्राइम्स! पुन्हा अधिकाऱ्यांचंच कोर्ट, आरोपी निर्दोष, आणि थोड्याच दिवसांत तो नव्या सरकारचा सेक्रेटरीसुद्धा झाला.