घड्याळ आधी ऐकावं लागतं

श्रोतेहो, नमस्कार.

नाशिकला मेन रोडच्या एका गल्लीत माझं घड्याळदुरुस्तीचं दुकान आहे. वडिलांनी सुरू केलं, मी पुढे चालवतोय. आमच्या धंद्याचं आणि रेडिओचं नातं जुनं. संध्याकाळच्या बातम्या लागल्या की वडील दुकानातली सगळी घड्याळं त्यावर लावून घ्यायचे. सूर्यावर विसंबून नाशिकला चालत नाही. भारताची प्रमाणवेळ साडेब्याऐंशी अंश रेखांशाची, म्हणजे तिकडे मिर्झापूरजवळची. नाशिक पावणेचौऱ्याहत्तर अंशांच्या आसपास. एका अंशाला चार मिनिटं धरली तर आपला सूर्य सुमारे ३५ मिनिटं मागे. गोदाघाटावर ऊन बरोब्बर डोक्यावर येतं तेव्हा घड्याळात साडेबारा वाजून गेलेले असतात. वर्षभरात त्यात थोडं मागेपुढे होतं, पण फरक राहतोच.

आज मला सांगायचंय ते कानाबद्दल. लोकांना वाटतं, आमचं काम डोळ्याचं. भिंग डोळ्याला, चिमटा हातात, ते खरंच आहे. पण गिऱ्हाईक घड्याळ काउंटरवर ठेवून “काका, होईल का हे?” असं विचारतं, तेव्हा मी ते आधी कानाला लावतो. निम्मं दुखणं तिथेच कळतं.

भिंतीवरचं लंबकाचं घड्याळ घ्या. दिवाळीआधी घराला रंग लागतो, घड्याळ खाली उतरतं, मग पुन्हा खिळ्यावर चढतं. आणि दिवाळी झाली की तीच घड्याळं आमच्याकडे येतात. “किल्ली पूर्ण दिली, तरी दहा मिनिटांत थांबतं.” मशीनला बहुतेक वेळा काहीही झालेलं नसतं. घड्याळ वाकडं टांगलंय, एवढंच. ‘टिक’ आणि ‘टाक’ यांमधलं अंतर सारखं पाहिजे. टिक-टाक, टिक-टाक. घड्याळ तिरकं असेल तर ते लंगडतं: टिकटाक… टिकटाक… असं. मग लंबकाला एका बाजूला पुरेसा धक्का मिळत नाही आणि त्याचा झोका विझत जातो. हे घरी करता येतं. समोर उभे राहा, डोळे मिटा, पेटीचा खालचा भाग किंचित डावीकडे किंवा उजवीकडे सरकवत ऐका. ठोके सारखे झाले की हात काढा. पेटी ओळंब्यात दिसते की नाही, याची काळजी करू नका. जुन्या घड्याळात कानाचंच प्रमाण मानायचं.

तसंच काही घड्याळं थंडीत पुढे जातात आणि मे महिन्यात मागे पडतात. लंबकाचा दांडा पोलादी असेल तर उष्णतेनं तो लांबतो, लांब लंबक सावकाश हलतो. दहा अंश तापमान वाढलं की दिवसाला साधारण पाच सेकंद मागे. निफाडकडे थंडीत पारा किती उतरतो हे द्राक्षवाल्यांना सांगायला नको, आणि उन्हाळ्यात आपल्याकडे चाळिशी गाठतो. तीस अंशांचा फरक म्हणजे दिवसाला पंधरा सेकंद, महिन्याला सात-साडेसात मिनिटं. त्यासाठीच लंबकाच्या गोळ्याखाली ती छोटी चाकी असते. गोळा वर चढवला की घड्याळ पुढे, खाली सोडला की मागे. अर्धा फेरा फिरवायचा आणि एक दिवस वाट पाहायची. लाकडी दांड्याच्या घड्याळात हा त्रास फार कमी.

आता मनगटावरचं किल्लीचं घड्याळ. माझा जीव खरा यात आहे. एचएमटीचा कारखाना बंगळूरला १९६१ साली जपानच्या सिटिझन कंपनीच्या मदतीनं सुरू झाला, आणि पुढची कित्येक वर्षं जावयाला लग्नात द्यायचं घड्याळ म्हणजे एचएमटी. नाशिकरोडच्या प्रेसमधून निवृत्त झालेल्यांच्या घरी, देवळालीला फौजेतल्या माणसांच्या घरी, ही घड्याळं अजून कपाटात आहेत. यातलं पुढेमागे झुलणारं चक्र तासाला १८,००० ठोके घेतं, सेकंदाला पाच. दिवसाचे ४ लाख ३२ हजार. ज्या आसावर ते फिरतं त्याचं टोक मिलिमीटरच्या दहाव्या हिश्शाच्या आसपास जाड, आणि ते माणकाच्या छिद्रात बसतं. डायलवर ‘१७ ज्वेल्स’ लिहिलेलं असतं ती हीच माणकं, कृत्रिम, पण खरोखरची कठीण. त्या टोकाला तेल लागतं, सुईच्या अग्रावर मावेल इतकंच.

हे तेल काही वर्षांत आटतं, चिकट होतं. त्यात धूळ बसते. तरी घड्याळ चालतं, आणि घात इथेच होतो. चालतंय ना, म्हणून कुणी आणत नाही. घट्ट झालेलं ते मिश्रण पोलादाला घासत राहतं, टोक झिजतं. थांबल्यावर आणलं तर फक्त धुऊन तेल देऊन भागत नाही, आस बदलावा लागतो. आणि सुटे भाग मिळणं अवघड झालंय. एचएमटीचा घड्याळांचा व्यवसाय बंद करायला सरकारनं २०१६ मध्ये मंजुरी दिली. आता एका मेलेल्या घड्याळातून काढून दुसऱ्याला लावायचं, असंच चालतं. म्हणून माझी कळकळीची विनंती आहे: आजोबांचं घड्याळ चालू असतानाच चार-पाच वर्षांतून एकदा सर्व्हिसिंगला द्या.

चांगलं चालणारं घड्याळ अचानक दिवसाला दहा-पंधरा मिनिटं पुढे पळायला लागलं, तर आधी चुंबकाचा संशय घ्या. स्पीकर, मोबाईलच्या पाकिटातलं चुंबक, काहीही पुरतं. चक्राला झुलवणाऱ्या केसासारख्या कमानीचे वेढे एकमेकांना चिकटतात, कमान आखूड पडते, चक्र घाईनं हलतं. मी होकायंत्र जवळ धरतो, सुई थरथरली की निदान झालं. चुंबकत्व उतरवायला मिनिटही लागत नाही.

तारखेचं घड्याळ असेल तर रात्री नऊ ते पहाटे तीन या वेळेत तारीख हातानं बदलू नका. तेव्हा आतला दात तारखेच्या चकतीत अडकलेला असतो, तो तुटतो. टोल्यांच्या घड्याळाचा काटा उलटा फिरवू नका. पुढे नेताना प्रत्येक टोला पूर्ण पडू द्या. सेलचं घड्याळ बंद पडलं तर सेल आत ठेवू नका, तो फुटून सर्किट खातो.

मला शिकायला मुलं-मुली हव्या आहेत. शिक्षणाची अट नाही. हात स्थिर पाहिजे आणि दोन तास एका जागी बसता आलं पाहिजे. पहिले काही महिने फक्त बंद पडलेली मशिनं खोलायची आणि पुन्हा लावायची, स्क्रू जिथला तिथे. गिऱ्हाइकाच्या घड्याळाला हात त्यानंतर. तेलाची सुई सगळ्यात शेवटी हातात मिळेल. दुकान सकाळी दहाला उघडतं, सोमवारी बंद असतं. घरचं एखादं न चालणारं घड्याळ सोबत आणा, सुरुवात त्यावरच करू.

नमस्कार.