पेन्शनच्या कायद्यात दडलेलं कलम २०७

मार्चमधला तिसरा शुक्रवार. न्यूयॉर्कच्या घड्याळात दुपारचे बारा वाजतात आणि अमेरिकेतल्या मेडिकल कॉलेजांत लिफाफे फोडले जातात. आत एकाच हॉस्पिटलचं नाव. रेसिडेन्सी, म्हणजे पगारी डॉक्टर म्हणून विशेष प्रशिक्षणाची पुढची काही वर्षं, तिथेच. मुंबई-पुण्यात एमबीबीएस करून तिकडे जाऊ पाहणारी आपली मुलंही याच निकालाकडे डोळे लावून असतात.

याला म्हणतात 'मॅच'. विद्यार्थी पसंतीची यादी देतो, हॉस्पिटल आपली देतं, संगणक जोड्या लावतो. लागलेली जोडी दोघांनाही बंधनकारक.

ही पद्धत १९५२ साली आली, ती गरजेपोटी. त्याआधी चांगली मुलं पळवायला हॉस्पिटलं इतकी उतावीळ, की इंटर्नशिपच्या दोन-दोन वर्षं आधीच जागा वाटून मोकळी व्हायची. मग तारखा बांधून दिल्या, तर ऑफरच्या तारा सुटू लागल्या, उत्तराला मुदत काही तासांची. १९४९ मध्ये बारा तासही जास्त वाटले! ही ओढाताण मॅचने थांबवली, हे मान्यच करायला हवं.

पण मॅचमध्ये दुसरी ऑफर दाखवून "पगार थोडा वाढवा" म्हणायची सोय नाही. मे २००२ मध्ये तीन डॉक्टर वॉशिंग्टनच्या फेडरल कोर्टात गेले. हॉस्पिटलं आणि वैद्यकीय संस्थांनी संगनमताने स्पर्धा मारली, पगार दाबून ठेवले, हा १८९० च्या शर्मन या मक्तेदारीविरोधी कायद्याचा भंग आहे, असा त्यांचा दावा. फेब्रुवारी २००४ मध्ये कोर्टाने त्यातला बराचसा भाग पुढे चालू दिला.

दोनच महिन्यांनी, १० एप्रिलला, राष्ट्राध्यक्ष बुश यांनी एका कायद्यावर सही केली. विषय होता पेन्शन फंडांचा. त्यात कलम २०७: मॅच चालवणं, त्यात भाग घेणं बेकायदा नाही, आणि तसा भाग घेतल्याचा पुरावा मक्तेदारीविरोधी दाव्यात चालणार नाही. चालू खटल्यांनाही लागू. संगनमताने पगार ठरवायला मात्र सूट नाही, असंही तिथेच लिहिलंय. म्हणजे आरोप करा, पण मॅचकडे बोट दाखवून तो सिद्ध करू नका.

मॅचमुळे पगार खरंच पडतात का? मॅचचं गणित १९९० च्या दशकात नव्याने बांधणारे, पुढे २०१२ चं नोबेल मिळालेले ॲल्विन रॉथ यांना फेलोशिपच्या, म्हणजे रेसिडेन्सीनंतरच्या प्रशिक्षणाच्या, पगारांत मॅच असण्या-नसण्याने तसा फरक दिसला नाही. त्यांचं बरोबरही असेल. पण ते साक्षीपुराव्यांनी, उलटतपासणीत ठरायला हवं होतं. रात्र-रात्र वॉर्डात उभ्या राहणाऱ्या माणसांचा तेवढा हक्क होता.

ऑगस्ट २००४ मध्ये दावा फेटाळला गेला. २००६ मध्ये अपिलातही तोच निर्णय कायम राहिला.