जळालेल्या कॉइलची साक्ष

नमस्कार श्रोतेहो.

गेल्या पावसाळ्यात एक तरुण आपल्या गाडीतला बारा इंची सबवूफर, म्हणजे खालच्या, जड सुरांचा स्पीकर, घेऊन माझ्या दुकानात आला. म्हणाला, "काका, चार महिन्यांत हा दुसरा जळाला. आता जास्त वॅटचा द्या." मी म्हटलं, "तिसरा घेशील, पण आधी हा का गेला ते बघू."

कोन, म्हणजे स्पीकरचा पुढचा हलणारा पडदा, दोन्ही हातांनी हळूच दाबला, तर आत खरखर. नाकाशी धरला, तर जळक्या वार्निशचा वास. मग मल्टिमीटर लावला. कॉइल म्हणजे कोनामागचं तारेचं वेटोळं; चार ओमच्या कॉइलला साधारण साडेतीन ओम दिसतात. आकडाच आला नाही तर तार तुटलीय. फारच कमी आला तर वेढ्यांवरचं इन्सुलेशन जळून ते आपसांत चिकटलेत. इथे आला दीड.

कॉइल गेली, हे मीटरनं सांगितलं. का गेली, ते कॉइललाच विचारावं लागतं. ब्लेडनं कोन कापून ती बाहेर काढली. वरपासून खालपर्यंत सारखी काळी! म्हणजे झेपेना इतकी पॉवर बराच वेळ मिळत होती. कॉइलची खालची कड चेपलेली असती, तर ती मागच्या प्लेटवर आपटत होती, बॉक्समध्ये दोष आहे, असं मी म्हटलं असतं. कधी कॉइल स्वच्छ असते आणि फक्त कोनाकडे जाणारी लवचीक तार तुटलेली असते. तो सबवूफर जळालेलाच नसतो, आणि लोक तो भंगारात देतात. फार वाईट वाटतं.

सबवूफरला दिलेल्या विजेतून जेमतेम एखाद्या टक्क्याचा आवाज होतो. बाकी सगळी उष्णता, आणि ती सोसते ती कॉइल. ॲम्प्लिफायरवर ताकदीबाहेर सिग्नल लादला, की लहरींचे माथे कापले जातात. पुरती चौकोनी झालेली लहर तेवढ्याच उंचीच्या गोलाईदार लहरीच्या दुप्पट पॉवर देते. लहान ॲम्प्लिफायर सबवूफर जाळतो असं म्हणतात, ते मला पटत नाही. कॉइल जळते ती झेपेल त्याहून जास्त पॉवर मिळाली म्हणूनच.

मग गाडी बघितली. गेन, म्हणजे ॲम्प्लिफायर सिग्नल किती वाढवतो ते ठरवणारं बटण, पूर्ण; खालचे सूर फुगवणारं बास बूस्टही पूर्ण. अर्थिंगची वायर पत्र्यावरच्या रंगाच्या थरावरच आवळलेली, म्हणजे जोड कच्चा. इंजिन सुरू असताना बॅटरीवर चौदा व्होल्ट, आणि माझ्याकडचा सबवूफर जोडून गाणं जोरात लावलं की ॲम्प्लिफायरपाशी अकरा. व्होल्टेज पडलं की माथे आणखी लवकर कापले जातात.

रंग खरवडून अर्थिंग पक्कं केलं. बास बूस्ट शून्यावर आणला. गाणं बंद ठेवून ॲम्प्लिफायरच्या आउटपुटवर डीसी व्होल्टेज येतंय का तेही पाहिलं. बरंच डीसी येत असतं, तर नवी कॉइलही गेली असती. सुदैवानं तसं नव्हतं.

खोक्यावर ठळक अक्षरांत 1200 वॅट छापलं होतं, पण आरएमएस, म्हणजे सतत झेपणारी पॉवर, होती 300 वॅट. तीनशे गुणिले चार ओम, त्याचं वर्गमूळ 34.6, म्हणजे चार ओमवर तीनशे वॅट देणारे व्होल्ट. सबवूफर काढून ठेवून 50 हर्ट्झचा टोन लावला, मीटर एसीवर ठेवला आणि 34 व्होल्ट दिसेपर्यंतच गेन वाढवला. बटण निम्म्यापर्यंतही गेलं नाही.

नवा कोन आणि कॉइल बसवल्यावर आम्ही अर्धा तास गाणी वाजवली. मग त्या पोरानं स्वतःच डिकीत वाकून सबवूफरला नाक लावलं. वास नव्हता.