मालवणच्या बंदराचे चार किल्ले आणि आपली चिकोडी

नमस्कार मंडळी. आज निपाणीतून बोलतेय, पण विषय आहे समुद्राचा. निपाणी, चिकोडी, संकेश्वर या आपल्या सीमाभागातली शाळेची सहल आजरा-आंबोलीमार्गे घाट उतरून मालवणला जाते. मीही गेले होते. होडीत बसलो, सिंधुदुर्ग पाहिला, शहाळं प्यायलो, परत आलो. आपण चारातला एकच किल्ला पाहिला, हे मला कितीतरी वर्षांनी कळलं.

(पडद्यावर मालवणच्या किनाऱ्याचा नकाशा)

हा नकाशा नीट बघा. समुद्रात कुरटे बेट, त्यावर सिंधुदुर्ग. बेट आणि किनारा यांच्या मध्ये पद्मगड, अगदी चिमुकला. मालवण गावाला लागून, किनाऱ्यावरच्या खडकावर राजकोट. आणि थोडं उत्तरेला, कोळंब खाडीच्या तोंडाशी सर्जेकोट. या चौघांच्या मध्ये जे पाणी आहे, ते बंदर. राखायचं होतं ते हे पाणी.

सिंधुदुर्गाचं काम शिवाजी महाराजांनी १६६४ मध्ये सुरू केलं आणि १६६७ मध्ये ते पुरं झालं. सुमारे ४८ एकरांचं बेट, भोवती जवळजवळ तीन किलोमीटरचा तट, उंची सुमारे ३० फूट, रुंदी १२ फूट. पायाचे दगड शिशाच्या रसात बसवले, असं सांगतात. आकडे तुम्ही ऐकलेले असतील. मला जास्त थक्क करतो तो दरवाजा. होडी किनाऱ्याकडून निघते, तट समोर दिसत राहतो, दरवाजा काही दिसत नाही. अगदी जवळ गेल्यावर दोन बुरुजांच्या बगलेत वळण उघडतं. तोफेचा गोळा सरळ दारावर मारायचा म्हटलं, तर मारणार कुठून?

आत दूधबाव, साखरबाव, दहीबाव अशा तीन गोड्या विहिरी. चहूबाजूंनी खारं पाणी आणि आत गोडं, म्हणूनच वेढा पडला तरी माणसं तग धरू शकत.

पण खरी राखण दगडी तटाच्याही आधी सुरू होते. मालवणच्या समुद्रात पाण्याखाली खडकच खडक आहेत. भरतीला काही दिसत नाही, ओहोटीला त्यांची डोकी वर येतात. टोपीकरांची, म्हणजे युरोपियनांची, मोठी जहाजं खोल बुडायची, त्यांना खोल पाणी लागायचं. आपली गलबतं उथळ पाण्यातूनही निघून जायची, आणि वाट माहीत असलेला तांडेल, म्हणजे गलबत हाकणारा, इथलाच. जागा निवडणाऱ्याने हे खडक आधी पाहिले आणि मग बेट, असं मला वाटतं. निसर्गाने अर्धा तट बांधून ठेवलाच होता.

आता पद्मगड. इथे जहाजबांधणी आणि दुरुस्तीचं काम चाले. ओहोटीला तिथे चालत जाता येतं, भरती वाढायच्या आत मात्र परतायला हवं, आणि ते स्थानिक माणसाला विचारूनच करा. विचार करा, लढाईत फुटलेलं जहाज सिंधुदुर्गाच्या पाठीमागे आणायचं आणि तिथेच दुरुस्त करायचं. शत्रूला तिथवर यायचं तर आधी मोठ्या किल्ल्याच्या तोफांसमोरून यावं लागणार. राजकोट जमिनीच्या बाजूने पाण्यावर नजर ठेवायचा. सर्जेकोट १६६८ चा. पावसाळ्यात हा समुद्र जहाजाला थारा देत नाही. नारळी पौर्णिमा होईपर्यंत दर्या बंदच. तेवढे महिने आरमार खाडीत घ्यायचं, आणि खाडीचं तोंड राखायला सर्जेकोट. एकाने झाकायचं, एकाने दुरुस्त करायचं, एकाने किनारा बघायचा, एकाने पावसाळ्यात सांभाळायचं. म्हणून म्हणते, नुसता सिंधुदुर्ग पाहून ही आखणी डोळ्यात भरत नाही.

१७६५ मध्ये इंग्रजांनी सिंधुदुर्ग घेतला आणि त्याला फोर्ट ऑगस्टस असं नाव दिलं. ते नाव टिकलं नाही. लवकरच पैसे घेऊन किल्ला त्यांनी कोल्हापूरकरांना परत दिला. तेव्हा कोल्हापूरचा कारभार जिजाबाई राणीसाहेब पाहत होत्या.

आता आपल्या दाराशी येऊ. चिकोडी आणि मनोळी, म्हणजे सौंदत्तीकडचं मुनवळ्ळी, या दोन मुलखांवरून कोल्हापूरकर आणि निपाणीचे सिद्धोजीराव निंबाळकर यांचं वर्षानुवर्षं भांडण चाललं होतं. पेशवे त्यात होते, आणि पुण्याचे इंग्रज रेसिडेंट, म्हणजे पेशव्यांच्या दरबारातले इंग्रजांचे वकील, एल्फिन्स्टन हेही मध्ये पडले. १ ऑक्टोबर १८१२ ला कोल्हापूरशी तह झाला. त्यात कोल्हापूरकरांनी चिकोडी-मनोळीवरचा हक्क सोडला. आणि त्याच कागदात मालवणचं बंदर इंग्रजांना दिलं, सिंधुदुर्ग, पद्मगड, राजकोट आणि सर्जेकोट या चारही किल्ल्यांसकट. बदल्यात इंग्रजांनी संरक्षणाची हमी दिली.

हे वाचलं त्या दिवशी मी बराच वेळ गप्प बसून राहिले. चौघांची नावं एका ओळीत. किल्ले कसे एकमेकांत गुंतलेत हे इंग्रजांना पक्कं ठाऊक होतं, म्हणून त्यांनी एकही मागे ठेवला नाही. आणि ज्या कागदाने दर्या गेला, त्याच कागदात माझ्या शेजारची चिकोडी.

पुढे १८१७ च्या युद्धात कोल्हापूरकर पेशव्यांविरुद्ध इंग्रजांच्या बाजूने राहिले, त्याचं बक्षीस म्हणून चिकोडी-मनोळी त्यांना परत मिळाली. दहा-बारा वर्षांत इंग्रजांनी ती पुन्हा काढून घेतली आणि ती बेळगाव जिल्ह्यात आली. मालवणचं बंदर मात्र कोल्हापूरला परत मिळालं नाही, ते रत्नागिरी जिल्ह्यात गेलं.

या हिवाळ्यात घाट उतरणार असाल तर आधी सर्जेकोटला जा. तिथे गर्दी नसते. खाडीच्या तोंडाशी उभं राहून दक्षिणेकडे मालवणच्या दिशेने बघा, आणि मग सिंधुदुर्गाची होडी धरा.