मागचा एक्सल

(दृश्य: गोव्यातल्या डिचोली तालुक्यातलं एक गॅरेज. पत्र्याच्या शेडखाली वीसेक वर्षं जुनी पिकअप. कॅमेरा मागच्या टायरजवळ, अगदी जमिनीलगत.)

टायरची आतली कड पाहा. आतून गुळगुळीत, बाहेरून नक्षी शाबूत. दुसऱ्या बाजूलाही तेच. नवे टायर घालून हे थांबणार नाही. मागची चाकं एक्सलच्या लोखंडी हौसिंगच्या, म्हणजे बाहेरच्या पोकळ कवचाच्या, दोन टोकांना बसलेली असतात, आणि ते हौसिंग मधोमध खाली वाकलं की चाकांची डोकी आत झुकतात.

वाकतं ते चिऱ्यांनी, म्हणजे बांधकामाच्या जांभ्या दगडांनी. एक ओला चिरा तीस किलोच्या घरात जातो. पन्नास चिरे म्हणजे दीड टन. मग गाडी मागून बसते म्हणून स्प्रिंगमध्ये एक जादा पाटा, म्हणजे पोलादी पट्टी, घातला जातो. गाडी उभी राहते, मालक खूश. पण जादा पाट्याने हौसिंग जाड होत नाही, उलट आणखी ओझं भरायची सोय होते.

उरलेलं काम गंज करतो. गोव्यात वर्षाला ३००० मिलिमीटरच्या आसपास पाऊस पडतो. भरतीच्या वेळी फेरीबोटीच्या धक्क्यावर चाकं ज्या पाण्यातून जातात ते खारं, आणि मासळीच्या गाडीत बर्फाचं पाणी हौद्याच्या फटीतून सरळ एक्सलवर ठिबकतं. पाटे जिथे टेकतात त्या बैठकीभोवती लाल चिखल धरून राहतो. वरून रंग दिसतो. हातोडीने हलकेच ठोका. खणखणीत आवाज आला तर धातू आहे, बद्द आला तर पापुद्रे.

वाकलेलं हौसिंग गरम करून सरळ करणारे भेटतात. ते पुन्हा वाकतं, आणि मधल्या काळात बेरिंगं खातं. इथे अख्खा एक्सल बदलायचा.

(दृश्य: भंगारातून आणलेला एक्सल, दोन लाकडी ठोकळ्यांवर. शेजारी टेप आणि खडू.)

शक्य असेल तर एक्सल घाटावरच्या गाडीचा घ्यावा, किनाऱ्यावरचा नको. आपल्याकडच्या एक्सलला जो रोग आहे, तोच रोग दुसऱ्या किनाऱ्यावरच्या एक्सललाही असणार.

पैसे देण्याआधी मापं घ्यायची. ड्रमच्या तोंडापासून ड्रमच्या तोंडापर्यंतची रुंदी. दोन बैठकींच्या मध्यांमधलं अंतर. चाकाचे स्टड किती, आणि ते केवढ्या वर्तुळावर बसलेत. पिनियनच्या, म्हणजे एक्सलच्या तोंडाशी असलेल्या लहान दातेरी चाकाच्या, फ्लँजवरची चार भोकं गिअरबॉक्सकडून येणाऱ्या आपल्या शाफ्टला जुळतात का. ब्रेकच्या पायपाचा आटा. शॉकअपची कानं. काही गाड्यांत ओझ्याप्रमाणे ब्रेकचा दाब बदलणारा व्हॉल्व्ह असतो. त्याच्या दांडीची पट्टी एक्सलवर आहे की नाही, हे नेमकं शेवटी लक्षात येतं.

यानंतर गुणोत्तर, म्हणजे दोन्ही चाकांच्या एका फेऱ्याला शाफ्टचे किती फेरे. यात चूक झाली तर सगळं काम उलटं करावं लागतं. जुना एक्सल गाडीखाली असतानाच एक चाक जमिनीवर ठेवायचं, दुसरं उचलायचं, गाडी न्यूट्रलमध्ये. उचललेलं चाक पूर्ण दोन फेरे फिरवायचं आणि शाफ्टचे फेरे मोजायचे. जेवढे फेरे, तेवढं गुणोत्तर. आणलेल्या एक्सलमध्ये दात मोजून खात्री होते. क्राउनचे, म्हणजे आतल्या मोठ्या दातेरी चाकाचे, ४१ आणि पिनियनचे ८ दात म्हणजे ५.१२५. ४१ आणि १० म्हणजे ४.१. दिसायला दोन्ही एक्सल सारखेच. पण ५.१२५ च्या जागी ४.१ बसला तर भरलेली गाडी चोर्ला घाटात एक गिअर खाली मागेल. शिवाय स्पीडोमीटर गिअरबॉक्सवरून चालणारा असेल तर काटा ४० दाखवेल तेव्हा गाडी ५० ने जात असेल.

मागचं झाकण उघडून तेल पाहा. चुंबकाला करडी, मऊ पेस्ट चिकटलेली असेल तर हरकत नाही. चकत्या किंवा टोकदार कण असतील तर एक्सल परत करा. तेल दुधासारखं पांढरट असेल तर आत पाणी गेलंय. क्राउन आणि पिनियन ही जोडी कारखान्यातच एकमेकांना घासून जुळवलेली असते. एक इकडचा, एक तिकडचा असं चालत नाही, आवाज करणारच.

तेल अडवणारे सगळे सील याच वेळी बदलायचे. गाडीखाली आडवं पडून करण्यापेक्षा इथे दहापट सोपं. पिनियनच्या सीलपाशी मात्र घाई नको. नट, फ्लँज आणि पिनियनचं टोक या तिन्हींवर एका रेषेत पंचने खूण करायची, नटाबाहेरचे आटे मोजायचे आणि परत आवळताना त्याच खुणेवर थांबायचं. आत चेपून बसणारी स्लीव्ह असेल, तर बेरिंगवरचा ताण या नटाने ठरवलेला असतो. खुणेच्या बराच पुढे आवळला तर बेरिंग तापतं, मागे राहिला तर पिनियन हलतो.

(दृश्य: पिकअप घोड्यांवर, म्हणजे लोखंडी स्टँडवर. पुढच्या चाकांना दोन्हीकडून ठोकळे.)

हँडब्रेक मागच्या चाकांवर असतो. ती चाकं उचलली की तो बिनकामाचा. म्हणून पुढच्या चाकांना ठोकळे, आणि घोड्या चासीखाली, पाट्यांच्या पुढच्या हँगरच्या जरा पुढे. मातीचं अंगण असेल तर घोडीखाली जाड फळी. नुसत्या जॅकच्या भरवशावर गाडीखाली जायचं नाही.

शाफ्ट आणि फ्लँजवर रंगाची रेघ ओढून शाफ्ट सोडवायचा, तारेने वर बांधायचा. ब्रेकचा रबरी होज चासीपाशी सोडवून तोंड बंद करायचं. हँडब्रेकच्या केबल, एक्सलमधली हवा आत-बाहेर करणाऱ्या ब्रीदरची नळी, शॉकअपची खालची टोकं. एवढं होईपर्यंत एक्सलखाली जॅक आलेला हवा, कारण ड्रमसकट वजन ८० ते १०० किलो.

पाटे एक्सलला आवळून धरणाऱ्या यू बोल्टचे गंजलेले नट सोडवत तासभर घालवू नका. ते बोल्ट पुन्हा वापरायचेच नाहीत, ग्राइंडरने कापा. फक्त चकतीचा ओरखडा पाट्याला लागू देऊ नका, त्या ओरखड्यातूनच पुढे तडा जातो. आणि ठिणग्या टाकीकडे उडत नाहीत ना, ते आधी पाहा.

बहुतेक पिकअपमध्ये पाटे एक्सलच्या वर असतात. त्यामुळे तो खाली उतरतो आणि मागून बाहेर निघतो. जागा मोकळी झाली की शॅकलचे, म्हणजे पाट्याच्या टोकाच्या झुलत्या कडीचे, बुश हलवून पाहा. बदलायचे तर आत्ताच.

(दृश्य: जवळून. पाट्याच्या सेंटर बोल्टचं डोकं बैठकीच्या भोकावर.)

“दवर, दवर... आनीक मात्शें फुडें.” म्हणजे ठेव, ठेव, अजून थोडं पुढे. जॅकवरचा पोरगा हँडल धरून थांबतो. मेकॅनिकचं बोट बैठकीच्या फटीत आहे. सेंटर बोल्टचं गोल डोकं भोकात पुरतं उतरलं की बोट बाहेर येतं, आणि मगच यू बोल्ट चढतात.

हे डोकं कडेवर बसलं किंवा भोक लांबट झालेलं असलं, तर एक्सल तिरका बसतो आणि गाडी रस्त्याने कुर्लीसारखी, खेकड्यासारखी तिरकी चालते. तपासायला टेप पुरते. पाट्याच्या पुढच्या बोल्टपासून एक्सलपर्यंतचं अंतर दोन्ही बाजूंनी सारखं भरायला हवं.

नट आधी नुसते टेकवायचे. चाकं चढवून गाडी जमिनीवर उतरवायची, आणि वजन पाट्यांवर आल्यावर तिरपे-तिरपे, थोडेथोडे करून मॅन्युअलमधल्या टॉर्कपर्यंत आवळायचे. पिनियनचा कोनही याच स्थितीत मोजायचा. शाफ्ट एकसंध असेल तर पिनियन आणि गिअरबॉक्सचं शेपूट जवळपास समांतर हवं. एक-दोन अंशांहून जास्त फरक राहिला तर वेग धरताच बॉडी थरथरते आणि शाफ्टच्या सांध्यांतले क्रॉस लवकर जातात. त्यावर उपाय म्हणजे बैठकीत घालायची पोलादी फाचर.

एक्सलचं तेल ईपी ९०, जीएल-५ या प्रतीचं. आधी भरायचा प्लग सैल होतो का ते पाहावं, मगच खालचा उघडावा. वरचा अडकला आणि तेल निघून गेलं तर गाडी तिथेच. भोकाच्या खालच्या कडेवरून तेल ओघळायला लागलं की पुरे. त्याहून जास्त भरलेलं सील शोधतं. ब्रेकमधली हवा मास्टर सिलिंडरपासून सर्वांत लांबच्या, म्हणजे सहसा मागच्या डाव्या चाकापासून काढायला घ्यावी.

राहिला ब्रीदर. बोटभर लांबीचा तुकडा, पण लाल धुळीने बुजला की तापलेल्या एक्सलमधला दाब सीलमधून वाट काढतो आणि तेल ब्रेकच्या लायनरवर येतं. गरम एक्सल पाण्यात उतरला तर उलट होतं, आकसणारी हवा पाणी आत ओढते. नळी लांब करून चासीवर उंच बांधली की दोन्ही टळतं. खर्च मीटरभर नळीचा.

(दृश्य: दुसरा दिवस. पिकअप भरलेली फेरी मारून परतली आहे. यू बोल्टवर टॉर्क पाना.)

साधारण शंभर किलोमीटरनंतर आठही नट पुन्हा. पाट्यांमधला रंग आणि गंज दबला की बोल्ट सैल पडतात. पाना पहिल्या नटावर टिक करतो. दुसऱ्यावरही. तिसरा पाव फेरा फिरतो.